हायपर-रिअलिस्टिक पोर्ट्रेट (ग्रॅफाइट आणि चारकोल): कागद, छटा, कातडी आणि सोलापूरचा उन्हाळा

शिसं_आणि_काजळी

हायपर-रिअलिस्टिक, म्हणजे फोटोइतक्या हुबेहूब पोर्ट्रेटबद्दल इथे सुटे प्रश्न बरेच पडलेत. काळा भाग चमकतो, कातडी प्लॅस्टिकची वाटते, डोळे निर्जीव दिसतात. बहुतेकांचं मूळ एकाच जागी सापडतं, म्हणून एकत्र धागा काढतोय. विषय फक्त काळ्या-पांढऱ्या चित्रांचा. रंगीत पेन्सिलींसाठी कुणीतरी वेगळा धागा काढा.

माझं म्हणणं आधीच मांडतो, मग भांडा. चेहरा खरा वाटतो तो छटांमुळे. रंध्रं, सुरकुत्या, पापण्या हा शेवटचा एक-चतुर्थांश भाग. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

आकार: ए४ वर हा प्रकार करू नका. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२-२३ सेंमी असतं आणि बुबुळाचा व्यास जवळपास १२ मिमी. ए३ कागदावर (२९.७ × ४२ सेंमी) डोकं खऱ्या मापाचं किंवा किंचित मोठं बसतं. ए४ वर तेच १४-१५ सेंमीचं होतं आणि बुबुळ ८ मिमीच्या आत येतं. तेवढ्यात मेकॅनिकल पेन्सिलीच्या ०.३ मिमी लेडनेसुद्धा तंतू, कड, चमक आणि पापणीची सावली बसत नाही. लोक हाताला दोष देतात, पण कमी पडते ती जागा.

फोटो: मोबाईल तोंडाजवळ नेला की नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. दीड-दोन मीटर लांब उभे राहा, २एक्स लेन्स असेल तर तीच वापरा. ब्युटी, पोर्ट्रेट मोड, फ्लॅश सगळं बंद. उजेड एका बाजूच्या खिडकीतून, साधारण ४५ अंशांत. मार्च ते मे आपल्याकडे बाहेरचं ऊन जमिनीवरून इतकं परततं की हनुवटीखालची सावलीच निघून जाते. त्यामुळे सकाळी आठ-नऊच्या सुमारास, घरात, बाकीच्या खिडक्या लावून फोटो काढा. ए३ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं तर फाइल साधारण ३५०० × ५००० पिक्सेल हवी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल चालत नाही, डॉक्युमेंट म्हणून मागवा. प्रिंट मॅटवर घ्या. टॅबवर बघून काढणार असाल तर ब्राइटनेसचं ऑटो आणि रात्रीचा पिवळा मोड बंद ठेवा, नाहीतर संध्याकाळी केलेलं शेडिंग सकाळी वेगळंच दिसतं.

कागद: २५० ते ३०० जीएसएमचा स्मूथ ब्रिस्टल किंवा हॉट-प्रेस, म्हणजे जाड आणि गुळगुळीत कागद. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वापरतात तो कार्ट्रिज सरावाला ठीक आहे, पण त्याचा दाणा (खरखरीत पोत) गालावर पांढरे ठिपके सोडतो. ते बुजवायला दाबलं की चमक येते. अगदी सपाट, चकचकीत कागदही नको. दोन-तीन थरांनंतर तो शिसं धरत नाही, पेन्सिल घसरते.

सामान: एचबी, २बी, ४बी. मेकॅनिकल ०.३ आणि ०.५, लेड २बी. चारकोल पेन्सिल मीडियम आणि सॉफ्ट, मिळाली तर एक कार्बन पेन्सिल. नीडेबल इरेझर (मळून हवा तो आकार देता येणारा मऊ खोडरबर) आणि २.३ मिमी रबराचं पेन. मेकअपचे दोन मऊ ब्रश, एक उजळ भागाला आणि एक गडद भागाला. यांची अदलाबदल करायची नाही. एवढं पुरतं. २४ पेन्सिलींचा सेट घेऊ नका, त्यातल्या १६ पडून राहतात.

वेळ: ए३ चेहऱ्याला ६० ते १०० तास धरून चाला.

रेघोटी

छान धागा. रेखाटनाबद्दल थोडं जोडते.

ग्रिड (मापासाठी आखलेल्या चौकटी) एच किंवा २एच पेन्सिलीने आखायचा सल्ला सगळीकडे दिसतो, कारण रेघ फिकी येते. पण कडक पेन्सिल कागदात चर पाडते. नंतर वरून शेडिंग केलं की गालावरून सरळ पांढऱ्या रेघा जाताना दिसतात आणि त्या खोडून जात नाहीत. ०.५ च्या एचबीने, पेन्सिल मागून धरून, जेमतेम दिसेल एवढीच रेघ ओढा. चौकट २ सेंमीची. डोळे, नाकपुड्या आणि ओठ इथे तिचे १ सेंमीचे तुकडे करा. शेडिंग करत पुढे जाल तसतशी एकेक चौकट नीडेबलने उचला. सगळी ग्रिड आधी पुसून टाकली तर मोजायला काही उरत नाही.

ट्रान्सफर करणार असाल तर प्रिंटच्या मागे ४बी घासून त्याचाच कार्बन करा. ऑफिसातला निळा-काळा कार्बन पेपर वापरू नका. त्यात मेण असतं, रेघ खोडत नाही आणि तिच्यावर ग्रॅफाइट बसत नाही.

रेखाटन झाल्यावर फोटो आणि कागद दोन्ही उलटे करून बघा. डोळ्यांच्या पातळीतला २ मिमीचा फरक सरळ बघताना सुटतो, उलटं केल्यावर लगेच खुपतो.

माळरान

मला एक कळत नाही. ग्रिड मारायची, फोटो समोर ठेवायचा आणि हुबेहूब तेच काढायचं. मग फोटोच लावा की ओ भिंतीवर. १०० तास कशाला?

कलाशिक्षक_बार्शी

हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर येतो, एकदा उत्तर देऊन पुढे जाऊ.

अमेरिकन चित्रकार चक क्लोजचं १९६७-६८ मधलं 'बिग सेल्फ-पोर्ट्रेट' ग्रिडवरच रंगवलेलं आहे. कॅनव्हास साधारण २७३ × २१२ सेंमी, काळा ॲक्रिलिक, एअरब्रशने. ग्रिड हे मापाचं साधन आहे, गवंड्याच्या ओळंब्यासारखं. त्याने भिंत सरळ येते, घर कसं बांधायचं ते तो सांगत नाही. फोटोतलं काय ठेवायचं, कोणती कड धारदार ठेवायची, कोणती विरघळवायची, पार्श्वभूमी किती दाबायची हे निर्णय माणूसच घेतो. क्लोजच्या त्या काळातल्या चेहऱ्यांत फोकसबाहेरचे भाग धूसरच ठेवलेले दिसतात. नवीन मुलं नेमकं हेच विसरतात. कानाची पाळी, मागचे केस, खांदा हे सगळं पापण्यांइतक्याच धारदारपणे काढतात आणि चेहरा सपाट होतो. डोळे, नाकाचा कणा आणि ओठ यांच्या कडा धारदार ठेवा. कानापर्यंत जाताना कड हळूहळू मऊ करत न्या.

माळरान

ओळंब्याचं पटलं सर. बाकी भांडण राखून ठेवतो.

जुळे_सोलापूरकर

माझा प्रश्न रंगाबद्दल. आपल्याकडचा सावळा चेहरा काढला की एकतर गोरा दिसतो, नाहीतर मळकट. मधलं काही जमत नाही. आणि गडद भाग कितीही काळा केला तरी ट्यूबलाइटखाली चमकून राखाडी दिसतो.

बाळीवेस_अण्णा

चमकेचं मी सांगतो, सावळ्या रंगाचं धागावाले मालक सांगतील.

ग्रॅफाइटचे कण म्हणजे बारीक सपाट पापुद्रे. दाबून घासलं की ते कागदावर आडवे लोळतात आणि सगळे मिळून उजेड परतवतात. ६बी-८बी जितकी दाबाल तितकी जास्त चमक. म्हणून ग्रॅफाइटने काळा मिळवायचा नादच सोडायचा. बाहुली, नाकपुडीची भोकं, ओठांच्या मधली रेघ, केसांतल्या खोल जागा, फेट्याखालची सावली, एवढ्या ठिकाणी चारकोल किंवा कार्बन पेन्सिल. तिचे कण ओबडधोबड असतात, त्यामुळे काळा मॅट येतो.

क्रम मात्र पाळायचा. चारकोल आधी, कोऱ्या कागदावर. ग्रॅफाइट आधी घोटून बसवलं की वर चारकोल धरत नाही, घसरतो आणि डाग-डाग बसतो. म्हणजे गडद जागा पहिल्याच बैठकीत ठरवाव्या लागतात. त्याचा आणखी एक फायदा आहे. कागदावर खरा काळा आला की बाकीच्या छटा कुठे बसतात ते डोळ्याला कळायला लागतं.

दोन्हींच्या सीमेवर गडबड होते. चारकोल किंचित उबदार दिसतो आणि ग्रॅफाइट निळसर-थंड. शेजारी-शेजारी ठेवले तर जोड दिसतो. साधारण सेंटीमीटरभर पट्ट्यात कार्बन पेन्सिलीची कडक जात किंवा हार्ड चारकोल हलक्या हाताने दोन्हींवर फिरवायचा. आणि रोज काम संपवताना कागद तिरपा करून उजेडात बघायचा. चमकणारी जागा लगेच सापडते.

सहज मिळायला कॅमलिनच्या चारकोल पेन्सिली बऱ्या. फक्त टोक शार्पनरने करू नका, आत कांडी तुटते. कटरने लाकूड सोलून सँडपेपरवर टोक काढा. उरलेली पूड डबीत ठेवा, कामाला येते.

शिसं_आणि_काजळी

@जुळे_सोलापूरकर

कागद पांढराशुभ्र असल्यामुळे त्यावर लावलेली कुठलीही मधली छटा जास्त गडद वाटते. माणूस बिचकतो, थांबतो, आणि चेहरा गोरा राहतो. मग शेवटी लक्षात आल्यावर वरून सरसकट एक हात मारतो, तो मळकट दिसतो.

दोन साध्या गोष्टी करा. पहिली, त्याच कागदाच्या तुकड्यावर १० छटांची पट्टी, १ म्हणजे कोरा कागद आणि १० म्हणजे चारकोलचा पूर्ण काळा. दुसरी, राखाडी कार्डाच्या दोन तुकड्यांना ५-५ मिमीचं भोक. एक भोक फोटोवर ठेवायचं, दुसरं चित्रात त्याच जागी. भोकातून फक्त छटा दिसते, नाक-डोळे दिसत नाहीत, त्यामुळे मेंदू फसत नाही. सावळ्या चेहऱ्यात मधला भाग साधारण ५ ते ७ मध्ये निघतो. कपाळावरची आणि गालफडावरची चमक २-३ वर थांबते. कोरा कागद, म्हणजे १, फक्त ओल्या जागांना आणि धातूला: डोळ्यातला ठिपका, डोळ्याचा आतला कोपरा, ओठावरची ओल, नथ, मंगळसूत्राची वाटी. कपाळावर कोरा कागद सोडला की घाम आल्यासारखं दिसतं. घामच दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पार्श्वभूमी चेहऱ्याआधी भरा, निदान गालाच्या कडेने ३-४ सेंमी तरी. गालामागे कोरा कागद असेपर्यंत गालाची छटा ठरवता येत नाही.

कुंकवाचं वेगळं सांगतो, कारण ते दर वेळी बिघडतं. रंगीत फोटो मोबाईलवर काळा-पांढरा केला की लाल कुंकू आणि सावळी कातडी जवळपास एकाच छटेची होतात आणि कुंकू गायब होतं. म्हणून रंगीत प्रिंटही शेजारी ठेवा. कुंकू कातडीपेक्षा एक-दीड पायरी गडद करा आणि त्यात चमक अजिबात ठेवू नका. आजूबाजूचं कपाळ चमकतं आणि कुंकू मॅट असतं, ओळख त्या फरकावरून पटते. त्याची कड कोरीव नको. मेण लावून त्यावर पिंजर टेकवलेली असेल तर वरची कड नीट आणि खालच्या बाजूला दोन-चार कण सांडलेले असतात. हुलजंतीच्या यात्रेतला भंडारा माखलेला चेहरा असेल तर उलट होतं. हळद काळ्या-पांढऱ्यात जवळपास पांढरी येते, आणि सुरकुत्यांमध्ये ती पोचलेली नसते, म्हणून सुरकुत्या जास्तच गडद दिसतात.

जुळे_सोलापूरकर

भोकाचं कार्ड लगेच करतो. कुंकवाला मी आजवर गडद ठिपकाच समजत होतो.

रेघोटी

आता कातडी. यावर मी लांब लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

रंध्रं म्हणजे टोकदार पेन्सिलीने मारलेले ठिपके, हा मोठा गैरसमज. तसं केलं की चेहऱ्यावर मिरपूड सांडल्यागत होतं. रंध्र हा खड्डा आहे, आणि खड्ड्याला दोन बाजू असतात. उजेड डावीकडून येत असेल तर खड्ड्याची डावी आतली भिंत अंधारात आणि उजवी उजळ. तीळ, चामखीळ किंवा पुटकुळी वर आलेली असते, तिथे नेमकं उलट. हे उलटसुलट झालं की म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण फोड वाटायला लागतात.

जागेनुसार पोत बदलतो. नाकाच्या शेंड्यावर रंध्रं गोल आणि दाट. गालावर मोठी, विरळ, नाकाकडून कानाकडे किंचित ताणलेली. कपाळावर रंध्रांपेक्षा बारीक जाळी जास्त. डोळ्याखाली रंध्रं जवळपास नाहीतच, तिथे एकमेकींना छेदणाऱ्या सूक्ष्म तिरक्या रेघा. वरच्या ओठावर उभ्या रेघा. सगळीकडे एकच पोत फिरवला तर चेहऱ्यावर कापड ओढल्यासारखं होतं.

करायचं कसं:

आधी सपाट छटा. एचबी किंवा २बी सँडपेपरवर घासून पूड करा आणि मऊ ब्रशने दोन पातळ हात द्या. पाहिजे त्या छटेपेक्षा ही एक पायरी उजळ ठेवा, कारण पोत भरताना ती आपोआप गडद होते.

मग नीडेबलचं टोक काढून टेकवायचं आणि उचलायचं, घासायचं नाही. ठिपके ओळीत येऊ देऊ नका. टोक दर सात-आठ टेकवण्यांनंतर मळून घ्या, नाहीतर उचललेलं शिसं परत कागदावर बसतं. अजून बारीक हवं असेल तर २.३ मिमीचा रबर कटरने तिरका कापा.

मग ०.३ च्या २बीने त्या उजळ उंचवट्यांमधल्या दऱ्या. स्वल्पविरामाच्या आकाराच्या, तुटक, कमी-जास्त दाबाच्या खुणा. एकही पूर्ण गोल नाही.

आणि शेवटी रिकाम्या ब्रशने अगदी हलका हात, म्हणजे सगळं एका पातळ पडद्याखाली जातं. मग परत दोन-तीन उजळ टोकं काढायची. हे आवर्तन दोन-तीनदा. २ × २ सेंमी तुकड्याला पाऊण ते एक तास लागतो, घाई केली तर मिरपूड होणारच.

सगळ्यात महत्त्वाचं, पोत सगळीकडे सारखा ठळक नसतो. उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात, जिथे प्रकाश कातडीला घासून जातो, तिथे तो जोरात दिसतो. भर उजेडात पुसट. गडद सावलीत नाहीच. गळ्याखालच्या अंधारात रंध्रं काढणारे लोक बघितले की हसू येतं.

सुरकुती म्हणजे रेघ नाही. तिला तीन भाग: घडीची गडद फट, तिच्या एका बाजूचा हळूहळू उजळत जाणारा उतार, आणि दुसऱ्या बाजूचा उजळ कंगोरा. फट मध्ये रुंद, टोकांना निमुळती, आणि टोक कुठेतरी विरून जातं. आधी उतार, मग कंगोरा, सगळ्यात शेवटी फट, आणि तीही तुटक.

बाळीवेस_अण्णा

ताई, सगळं पटलं. फक्त ब्रशच का? पेपर स्टंपने (गुंडाळलेल्या कागदाच्या कांडीने) काय बिघडतंय? गुळगुळीत होतंय की.

रेघोटी

गुळगुळीत होतं हाच त्रास आहे अण्णा. स्टंप शिसं दाण्याच्या तळात ढकलतो. मग नीडेबलने उचलायला गेलं तर ते वर येत नाही आणि उजळ टोकं राखाडीच राहतात. पार्श्वभूमीला, कपड्याच्या मोठ्या घडीला खुशाल वापरा. लहान मुलाच्या गालालाही एक वेळ चालेल. साठीच्या माणसाच्या गालाला नको. आणि बोट तर कुठेच नको, तेलाचा डाग कायमचा राहतो.

बाळीवेस_अण्णा

लहान मुलांसाठी स्टंप ठेवतो मग. पण नाकाच्या कडेच्या खाचेत ब्रश शिरत नाही, तिथे मी स्टंपच वापरणार.

टोकदार

डोळ्यावर थोडक्यात.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. दहाच्या पट्टीवर २ ते ४. वरच्या पापणीची सावली त्यावर आणि बुबुळावरही पडते, ती न काढल्यामुळे डोळा वटारलेला दिसतो. चमकेचा ठिपका खिडकीच्या आकाराचा असतो, तो बाहुलीवरच्या काळ्याला बिनदिक्कत छेदून जाऊ द्या. आपल्या गडद तपकिरी डोळ्यांत बुबुळाचे तंतू सगळीकडे दिसत नाहीत. उजेड डावीकडून वरून आत शिरतो आणि उजवीकडे खाली बुबुळ उजळतं, तंतू तेवढ्या चंद्रकोरीतच काढा. बाकी बुबुळ ८-९.

खालच्या पापणीला जाडी असते. पापणीचे केस आणि डोळा यांच्या मधे दीडेक मिमीची ओलसर उजळ पट्टी. नवख्यांच्या चित्रांत ती नसते, केस थेट डोळ्यातून उगवतात. पापण्यांचे केस मुळापासून टोकाकडे, एका झटक्यात, दोन-तीनांच्या झुपक्यांत. चुकला तर वरून दुसरा काढू नका, उचलून परत काढा.

कलाशिक्षक_बार्शी

पांढरे केस आणि दाढीचे खुंट राहिले. इकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे काढायचे तर तेच जास्त लागतात.

काळ्यावर पांढरा केस जेल पेनने काढता येतो, पण त्याची जाडी सगळीकडे सारखी येते आणि तो कागदावर फुगून बसतो. लांबून ठीक, जवळून वेगळा पडतो. पांढरा चारकोल ग्रॅफाइटवर निळसर राखाडी होतो. उत्तम मार्ग म्हणजे शेडिंगच्या आधी चर पाडणे. शाई संपलेलं बॉलपेन किंवा बोथट केलेली दाभणाची सुई, कागदाखाली दोन-तीन कागदांची गादी, आणि ३ ते ६ मिमीचे वळणदार चर. सुरुवातीला दाब, शेवटी हात उचलत. मग वरून पेन्सिल आडवी धरून शेडिंग केलं की चर पांढरे राहतात. इथे पूड आणि ब्रश वापरायचा नाही, पूड चरात शिरते आणि केस राखाडी होतात. रेघोटीताईंची पद्धत दाढीच्या वरच्या सीमेपर्यंतच.

चर एकदा पडला की परत नाही. म्हणून तुकड्यावर सराव करून मगच हात घाला, आणि सगळे खुंट चराने करू नका. निम्मे चराने, बाकीचे रबराने. प्रत्येक खुंटाच्या मुळाशी उजेडाच्या विरुद्ध बाजूला जरा सावली दिली की तो कातडीतून उगवल्यासारखा वाटतो.

गांधी टोपीच्या कापडाची वीण फक्त घडीच्या अर्ध्या सावलीत दाखवा, उजेडात सोडून द्या. छटा १ ते ४ च्या आत, घडीच्या तळाशी तेवढी ५-६. जरीच्या काठाला मधल्या छटा जवळपास नसतात, २ वरून थेट ८ वर उडी. घोंगडीला मात्र चकाकी कुठेच नाही, तिथे सरळ चारकोल.

माळरान

कूलरसमोर बसून काढलेल्या चित्राचा कागद लाटा-लाटा झालाय. दाबून ठेवला तरी सरळ होत नाही. काय करायचं?

बाळीवेस_अण्णा

कूलर नुसता वारा देत नाही, पाणीही देतो. कागद एका बाजूने ओल पितो आणि फुगतो. वर टेपने चारी बाजू चिकटवलेल्या असतील तर फुगलेला कागद मधेच उचलला जातो. ओलसर कागदावर ग्रॅफाइट डागाळतं आणि खोडताना धागे निघतात. कूलर चालूच ठेवायचा असेल तर बोर्ड त्याच्या झोतात नको, आणि टेप फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना. काम नसताना चित्रावर बटर पेपर, वर साधा बोर्ड, आणि वजन.

झालेल्या लाटांसाठी: चित्र पालथं घाला, खाली स्वच्छ बटर पेपर. मागच्या बाजूला अगदी जरासा दमट केलेला पांढरा टिपकागद, वर कोरडा टिपकागद, वर जाड काच किंवा प्लाय आणि पुस्तकं. दिवसभर. चारकोलचं काम असेल तर आधी हलकं फिक्सेटिव्ह (चित्र कागदावर धरून ठेवणारा फवारा), नाहीतर बटर पेपरला चेहरा चिकटून येतो.

घामाचंही तेच. तळहाताखाली बटर पेपर हवाच, रोज नवा. घामाचा थेंब पडला तर पुसायचा नाही. टिपकागदाचं टोक टेकवून शोषून घ्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग आजूबाजूने हलक्या हाताने भरायचं. पुसलात की कागदाचा वरचा पापुद्रा उठतो आणि तिथे कायम गडद डाग बसतो.

यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांना आणखी एक कटकट, सुताचे उडते तंतू. तंतू कागदावर असताना वरून पेन्सिल गेली की खाली तंतूच्या आकाराची पांढरी रेघ राहते. दर दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या मऊ ब्रशने झटका. फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक थेंब पडतो.

जुळे_सोलापूरकर

अजून एक विचारतो. घरातल्या जुन्या पासपोर्ट फोटोवरून असं पोर्ट्रेट होईल का? आजोबांचा एकच फोटो आहे, ३ सेंमीचा.

शिसं_आणि_काजळी

फोटोत जे नाही ते चित्रात खरं म्हणून येत नाही. ३ सेंमीच्या फोटोतून चेहऱ्याचं माप आणि पाच-सहा ढोबळ छटा मिळतात, कातडी मिळत नाही. साधं, मऊ पोर्ट्रेट करायचं असेल तर तेवढं पुरतं.

हायपर-रिअलिझमच हवा असेल तर कातडी दुसरीकडून आणावी लागते. त्याच वयाचा, शक्यतो त्याच घरातला माणूस, त्याच दिशेच्या उजेडात बसवून फोटो काढा आणि पोत त्यातून घ्या. वय मात्र नीट बघा. समजा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं पोर्ट्रेट करायचंय. ते १९१० साली सोलापुरात जन्मले आणि १९४२ मध्ये चीनमध्ये वारले, म्हणजे वय अवघं ३२. जुन्या फोटोतला दाणा आणि ओरखडे यांना सुरकुत्या समजून भरल्या तर समोर पन्नाशीचा माणूस उभा राहतो.

एआयने मोठा केलेला फोटो कधीच वापरू नका. तो बघायला स्पष्ट असतो, पण डोळ्यांचा आकार, दात, कानाची घडी हे सगळं त्याने कल्पनेने भरलेलं असतं. घरच्यांना लगेच कळतं की हे आपले आजोबा नाहीत. मूळ फोटो सपाट ठेवून १२०० डीपीआयने स्कॅन करा, मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका. आणि ज्यांच्यासाठी काढताय त्यांना आधीच सांगा की यातला काही भाग अंदाजाचा आहे.

टोकदार

फिक्सेटिव्ह आणि फ्रेमिंगबद्दल कुणी लिहिलं नाही. उन्हाळ्यात फवारलं की वर वाळूसारखा खरखरीत थर का येतो?

कलाशिक्षक_बार्शी

४० अंशांच्या हवेत फवाऱ्यातलं द्रावण कागदापर्यंत पोचायच्या आतच उडून जातं आणि राळेचे कोरडे कण खाली पडतात. म्हणून फवारणी पहाटे किंवा सकाळी लवकर, वारा नसताना, आडोशाला. अंतर ३० सेंमी, दोन किंवा तीन पातळ हात, मधे १०-१५ मिनिटं. फवारा चित्राच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, नाहीतर पहिला जाड थेंब कपाळावर पडतो. चित्र थोडं गडद होतं आणि पांढरा चारकोल जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून सर्वात उजळ टिकल्या फिक्सेटिव्हनंतर. हेअरस्प्रे स्वस्त पडतो पण कागद पिवळा करतो. निव्वळ ग्रॅफाइटचं चित्र थेट फ्रेममध्ये जाणार असेल तर फिक्सेटिव्ह नाही मारलं तरी चालतं.

फ्रेममध्ये चित्र काचेला टेकता कामा नये. मधे आम्लमुक्त माउंट बोर्ड, म्हणजे चित्र काचेपासून लांब ठेवणारा जाड बोर्ड हवा. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरतो, टेकलेलं चित्र काचेला चिकटतं आणि काढताना गाल तिकडेच राहतो. मागे साधा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड थेट लावू नका, दोन-चार वर्षांत कागदावर तपकिरी छाया येते. मधे माउंट बोर्डाचा एक थर टाका.

बाळीवेस_अण्णा

आणि काच म्हणजे काच. वजन कमी म्हणून फ्रेमवाले ॲक्रिलिक शीट सुचवतात. त्यावर कापड फिरवलं की स्थिर वीज तयार होते आणि चारकोल कागदावरून उचलून शीटला लागतो. ग्रॅफाइटला एक वेळ चालेल. चारकोल असेल तर साधी ३ मिमीची काच. बाहेरगावी पाठवायचं असेल तर काचेवर कागदी टेपची फुली मारून पाठवा, म्हणजे फुटलीच तरी तुकडे चित्रावर सांडत नाहीत.

जुळे_सोलापूरकर

साधी काच की नॉन-रिफ्लेक्टिव्ह?

बाळीवेस_अण्णा

स्वस्तातली नॉन-रिफ्लेक्टिव्ह म्हणजे एका बाजूने खरबरीत केलेली काच. माउंटमुळे चित्र तिच्यापासून जरा लांब राहतं, आणि तेवढ्या अंतरावर ती सगळं धूसर करते. रंध्रं दिसायची बंद होतात. साधीच घ्या, आणि फ्रेम खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका.